लाल बाण आणि चौथा मजला

आधीच सांगून ठेवते. मला कुणी वेडी म्हटलं तर मी हसते, पण "या वयात हे काय!" असं कुणी म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. या वयात म्हणजे कुठल्या वयात? या महिन्याच्या तीस तारखेला मला अठ्ठावन्न पूर्ण होतात. डोळे ठणठणीत आहेत, गुडघे कुरकुरतात पण चालतात, आणि मला कोरियातले व्हिडिओ बघायला आवडतात. झालं. यात कुणाच्या बापाचं काय जातं?

मी शर्टांच्या कारखान्यात चेकर आहे. सात नंबरचं टेबल माझं. शिवून झालेला शर्ट माझ्यासमोर येतो, वर दोन ट्यूबलाइट, आणि मी बघते. कॉलर, कफ, काज, बटण, बगल, घेर. मग उलटा करून पुन्हा तेच. दोष दिसला की तिथे लाल बाणाचा स्टिकर लावायचा, बाणाचं टोक दोषाकडे. एक चिठ्ठी लिहायची, तिच्यावर माझा सात नंबरचा शिक्का मारायचा आणि शर्ट लाल दांड्यावर टांगायचा. एकदा लाल दांड्यावर गेलेला माल कुणी उचलायचा असेल तर त्याने रजिस्टरमध्ये कारण लिहून सही करायची, मग तो कितीही मोठा साहेब असो. हा नियम माझ्या डोक्यामागे भिंतीवर लावलेला आहे आणि खाली आमच्या मॅनेजरची स्वतःची सही आहे.

मॅनेजरला आम्ही सगळ्या बायका घाईसाहेब म्हणतो. त्यांच्या पाठीमागे, अर्थात. जिन्यावरून उतरतानासुद्धा ते दोन-दोन पायऱ्या गाळतात आणि बोलताना वाक्यातले निम्मे शब्द.

आमच्याकडे अठ्ठावन्नला घरी पाठवतात. घाईसाहेबांच्या मनात आलं तर दोन वर्षांची मुदतवाढ मिळते. मला ती हवी होती. लाजायचं काय त्यात, हवीच होती. माझं दीड खोल्यांचं भाड्याचं घर आहे, नवरा गेल्यापासून एकटीचं. नोकरी आहे तोवर ते घर आहे. नोकरी गेली की गाशा गुंडाळायचा आणि मुलीकडे जायचं, हे मुलीने ठरवूनही टाकलंय. मुलगी गुणाची आहे, जावई भला माणूस आहे, त्यांच्याबद्दल एक शब्द वाकडा बोलणार नाही. पण त्या घरात माझी खाट इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगाशेजारी असते आणि मी पाणी प्यायला उठले तरी तिघं विचारतात, "काय हवंय?" मला काही नको असतं. मला माझ्या दाराची किल्ली हवी असते.

आता व्हिडिओंचं सांगते. दोन वर्षांपूर्वी मुलीने नवा फोन दिला, नातीला बघता यावं म्हणून. एकदा त्यावर आपोआप एक व्हिडिओ लागला. आपल्यासारखं मराठी बोलणारी एक बाई, पस्तिशीची असेल, नवऱ्याच्या नोकरीपायी कोरियात राहायला गेलेली. ती कचऱ्याच्या डब्यांपुढे हातात पिशवी घेऊन उभी होती आणि अंड्याची टरफलं कुठल्या डब्यात टाकायची ते तिला कळत नव्हतं. तिने ती ओल्या कचऱ्यात टाकली. तेवढ्यात शेजारची एक म्हातारी आली, एक अक्षर न बोलता तिने टरफलं वेचून बाहेर काढली आणि दुसऱ्या पिशवीत टाकली. जनावर जे खात नाही ते तिथे ओल्यात चालत नाही म्हणे. मी त्या म्हातारीकडे बघतच राहिले. म्हटलं, ही तर आपल्यातली दिसते. चेकर.

तेव्हापासून मी रोज बघते. ती बाई चौथ्या मजल्यावर राहते. त्यांच्या लिफ्टमध्ये चारच्या आकड्याऐवजी इंग्रजी एफ आहे, कारण तिथे चार आकडा अशुभ मानतात. मी तिला चौथ्या मजल्यावरचीच म्हणते. प्रत्येक व्हिडिओ ती "आज काही विशेष नाही" असं म्हणून सुरू करते आणि खरंच काही विशेष नसतं. बसथांब्यावर उभी राहते. कपडे धुवायच्या दुकानात मशीनचं गोल गोल बघत बसते. एकदा तिच्या दाराच्या कुलपाची बॅटरी संपली. तिथे किल्ली नसते, आकडे दाबायचे असतात. बाहेर कडाक्याची थंडी आणि ही बाई बिनमोज्यांची जिन्यात. रडकुंडीला आली होती बिचारी. मग दुकानात जाऊन तिने एक चौकोनी बॅटरी आणली, कुलपाला टेकवली, आणि उघडलं की हो दार! मी इकडे टाळी वाजवली. आमटी उतू गेली, जाऊ दे.

"आई, पण त्यातून मिळतं काय तुला?" मुलगी विचारते. काय मिळायचंय? लोक क्रिकेट बघतात, त्यांना काय मिळतं? बॅट?

कारखान्यात दुपारी अर्ध्या तासाची जेवायची सुट्टी असते. पंधरा मिनिटांत माझा डबा संपतो, उरलेल्या पंधरा मिनिटांत मी एक व्हिडिओ बघायची. शेजारच्या टेबलावरची काजवाली, म्हणजे जी फक्त काज तपासते ती, माझी वीस वर्षांपासूनची मैत्रीण. तीसुद्धा डोकवायची. तिनेच मला कोरियाबाई नाव ठेवलं आणि ते सगळ्या मजल्यावर पसरलं. पसरू दे. पण गेल्या महिन्यात घाईसाहेबांनी आम्हा चौघींना एका फोनवर वाकून हसताना पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी नोटीस लागली. सकाळी आल्यावर फोन साहेबांच्या कपाटात, संध्याकाळी परत. कारण काय, तर कामातलं लक्ष उडतं.

मी सरळ त्यांच्या केबिनमध्ये गेले. "सत्तावीस वर्षांत सात नंबरवरून पास झालेला एक शर्ट परत आलेला दाखवा," म्हटलं, "आत्ता फोन देते, कायमचा."

"मावशी, नियम सगळ्यांना सारखा," ते म्हणाले. "आणि तुम्हीच म्होरक्या आहात. मुदतवाढीचा अर्ज केलाय ना? मग जरा जपून."

त्यानंतर महिनाभर दुपारी काय ऐकलं म्हणाल तर कुणाची सून, कुणाचा गुडघा, पुन्हा कुणाची सून.

असं सगळं चाललेलं असताना परवाच्या सोमवारी त्यांनी मला बोलावणं पाठवलं. मला वाटलं, मुदतवाढीचं पत्र आलं. बघते तर घाईसाहेब चक्क हसत होते.

"मावशी, गुड न्यूज. बुधवारी कोरियाहून पार्टी येतेय. तिघं जण. मोठी ऑर्डर. तुम्ही ते कोरिया-बिरिया बघता ना? तुम्हाला त्यांच्या ड्रेसमध्ये दारात उभं करायचं. वाकायचं, गरम टॉवेल द्यायचा. खूश होतील."

खोटं का बोलू, मला आनंद झाला. महिनाभर ज्याच्यासाठी टोमणे खाल्ले त्याचं नाव निघालं म्हणून माझी कॉलर जरा ताठ झाली. त्यांच्या त्या कपड्याला हानबोक म्हणतात, मला ठाऊक होतं. आखूड बंडी, छातीवर लांब फितीची एकच पाकळी ठेवून बांधलेली गाठ, गळ्याला पांढरी पट्टी, आणि छातीपासून खाली घोळदार घागरा. चौथ्या मजल्यावरची एकदा तो भाड्याने घेऊन राजवाडा बघायला गेली होती. तो घातला की तिथे तिकीट लागत नाही.

घाईसाहेबांनी पिशवीतून कपडा काढला आणि टेबलावर पसरला. सबंध पायघोळ झगा, लोंबत्या चौकोनी बाह्या, आणि पाठीवर बांधायचा हातभर रुंद पट्टा.

"साहेब," मी म्हटलं, "हा किमोनो आहे."

"हां, तोच."

"तोच नाही. हा जपानचा आहे."

"मावशी, एकच ते. फॅन्सी ड्रेसवाल्याकडे हाच होता. कुणाला कळतंय?"

"पाहुण्यांना कळेल. जपानने त्यांच्यावर पस्तीस वर्षं राज्य केलंय. त्यांची भाषा बंद केली, त्यांची नावं बदलायला लावली. आणि आपण हा झगा घालून दारात स्वागत करणार?"

"हे कुठे वाचलंत?"

"वाचलं नाही, ऐकलं. व्हिडिओत."

ते हसले. मोठ्याने नाही, नाकातून. ते हसणं माझ्या डोक्यात गेलं. "एक तास घालायचाय," ते म्हणाले. "बुधवारी साडेनऊला. आणि हो, तुमचं पत्र तयार आहे, ड्रॉवरमध्ये. फक्त सही राहिलीय. बुधवारचं नीट पार पडू द्या." मग त्यांनी तो झगा माझ्याच हातात दिला, कपडे बदलायच्या खोलीत टांगून ठेवा म्हणून.

मंगळवारी संध्याकाळी मुलीचा फोन आला. मी सगळं सांगितलं.

"आई, घाल ना एक तास. तुझ्या अंगाला काय भोकं पडणार आहेत?"

"चुकीचा आहे गं तो."

"मग नको घालूस. नोकरी गेली तर गेली, तू इकडे ये. मी तर म्हणते, आत्ताच सोड."

म्हणजे इकडून बघा की तिकडून बघा, किल्ली माझ्याच हातातून जाणार! मी फोन ठेवला. कणीक भिजवायला घेतली आणि मनाशी म्हटलं, जाऊ दे बाई, घालून टाक. दोन वर्षांचं घर एका तासावर कशाला उधळतेस? दारात कोण तू, आणि कपड्याचं कुणाला काय पडलंय? अगदी असंच म्हटलं. मी काही फार शूर बाई नाही.

हात पिठाचे होते तरी कोपराने फोन सरकवून मी तो राजवाड्याचा जुना व्हिडिओ लावला. कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानातली बाई चौथ्या मजल्यावरचीच्या छातीवरची फीत बांधत होती. बांधली. लांब उभी राहून बघितली. सोडली. पुन्हा बांधली, पुन्हा बघितली, पुन्हा सोडली. मागे गिऱ्हाइकांची रांग लागलेली. तिसऱ्यांदा गाठ मनासारखी बसली तेव्हा तिने एकदाच मान हलवली आणि हिला जाऊ दिलं. भाड्याचा कपडा, परदेशी बाई, दोन तासांत परत येणार. तरी तिने चुकीची गाठ दाराबाहेर जाऊ दिली नाही. आणि मी सत्तावीस वर्षं दुसरं काय केलंय? अर्ध्या दोऱ्याने काज उसवलं तरी शर्ट अडवणारी मी, सबंध देश चुकलेला कपडा अंगावर घालून दारात उभी राहणार होते! मला माझीच लाज वाटली. कणीक एवढी मळली की पोळ्या कापसासारख्या झाल्या.

बुधवारी मी आठलाच कारखान्यात पोचले. झगा आणला आणि माझ्या टेबलावर पसरला. ट्यूबलाइट लावल्या. माल म्हणून आला आहे ना, मग मालासारखा तपासायचा. कॉलर, लाल बाण. बाही, लाल बाण. पट्टा, तिथे दोन. उलटा केला, पाठ, घेर. एकूण नऊ बाण लागले. चिठ्ठीवर लिहिलं, "दोष नऊ: चुकीचा माल. पाहुणे ज्या देशाचे, कपडा त्या देशाचा नाही." सात नंबरचा शिक्का मारला, रजिस्टरमध्ये नोंद केली आणि झगा लाल दांड्यावर टांगला. मग फोन नियमाप्रमाणे कपाटासाठी गेटवर दिला, माझा रोजचा निळा एप्रन घातला आणि कामाला बसले.

काजवाली आली, तिने दांड्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई! आता तुझं काही खरं नाही."

"माहितीये. तू काज बघ."

सव्वानऊला घाईसाहेब धावत आले. "मावशी! तयार का नाही? ड्रेस कुठाय?"

मी बोटाने दाखवलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. ते दांड्याकडे झेपावले.

"साहेब, सही," मी म्हटलं आणि रजिस्टर उघडून पुढे केलं. "इथे कारण लिहा. देश चुकीचा असला तरी चालेल, असं लिहा. खाली सही करा आणि खुशाल घेऊन जा. मी स्वतः घालते मग."

त्यांनी पेन काढलं. आणि थांबले. कारण आज येणारे पाहुणे सगळ्यात आधी तेच रजिस्टर मागणार होते, हे त्यांनीच दोन दिवस आम्हाला बजावलं होतं. पानांवर छापील आकडे, फाडायची सोय नाही. पेन तसंच हवेत राहिलं. सगळ्या मजल्यावरच्या मशिनी चालू होत्या, पण एकीचंही लक्ष सुईवर नव्हतं, हे मी पैजेवर सांगते.

"संध्याकाळी भेटा," ते दातओठ खात म्हणाले. "घरी बसायची तयारी ठेवा." आणि त्यांनी लाल दांडाच ढकलत नेऊन खांबाआड केला.

आता सांगायला हरकत नाही. पुढचे दोन शर्ट मी तीन-तीनदा तपासले, कारण पहिल्यांदा मला काही दिसतच नव्हतं.

पाहुणे आले. सूट घातलेले दोघे पुरुष, इथलीच एक दुभाषी मुलगी, आणि पन्नाशीची एक चष्मेवाली बाई. बुटकी, केस कापलेले, सपाट बूट. घाईसाहेब त्यांना नव्या मशिनींकडे नेत होते आणि पुरुष जातही होते. चष्मेवाली मात्र थांबली. तिने सगळीकडे नजर फिरवली, काहीतरी विचारलं, आणि दुभाषी म्हणाली, "मॅडम विचारतायत, तुमचा रिजेक्ट माल कुठे असतो?"

खरा चेकर असाच असतो. पास झालेला माल कुणीही दाखवतं.

"तो... आज विशेष काही नाहीये त्यात," घाईसाहेबांची ततपप सुरू झाली. तोवर बाई खांबाआड पोचली होती.

ती झग्यासमोर उभी राहिली. हात मागे बांधलेले. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पुरुषही आले, त्यांतला एक काहीतरी पुटपुटला, बाईने त्याला हातानेच गप्प केलं. तिने एकेक बाण बोट लावून मोजला. दुभाषीने चिठ्ठी वाचून तिला सांगितली. मग बाईने शिक्क्यावर बोट ठेवून विचारलं ते मला न सांगताच कळलं. सात कोण?

मी उठले. रजिस्टर घेऊन गेले आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. तिकडे देताघेताना दोन्ही हात लावतात. मी काही दाखवायला केलं नाही, दोन वर्षं रोज बघून हातालाच सवय झाली होती. तिनेही दोन्ही हातांनी घेतलं. मग माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मॅडम विचारतायत, तुम्हाला हे कसं कळलं?"

मी तोंड उघडायच्या आत घाईसाहेब पुढे सरसावले. "आम्ही स्टाफला ट्रेनिंग देतो! तुमच्या कल्चरचं, स्पेशल ट्रेनिंग—"

"नाही," मी म्हटलं. "कसलं ट्रेनिंग नि काय! मी व्हिडिओ बघते. दुपारी जेवायच्या सुट्टीत. म्हणजे बघायची. आता माझा फोन साहेबांच्या कपाटात असतो."

दुभाषी मुलीला हसू आवरेना, पण तिने सांगितलं. बाईने विचारलं, कसले व्हिडिओ? नाटकं? गाणी?

"नाही हो. आमच्या भाषेतली एक बाई आहे, तुमच्याकडे राहायला आलेली. ती कचरा वेगळा करते, बसची वाट बघते, कपडे धुते."

"आणि ते आवडतं तुम्हाला?"

"खूप."

बाई हळू आवाजात बोलली आणि दुभाषीनेही हळूच सांगितलं. ती घरी एकटी असते. रोज कामावरून आली की ती एका जोडप्याचे व्हिडिओ बघते, तिच्याच देशातलं जोडपं, दूर बर्फाच्या देशात जाऊन राहिलेलं. ते लाकडं फोडतात. तासभर लाकडं फोडतात आणि ही बघते. तिचा मुलगा विचारतो, त्यातून मिळतं काय?

आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि दोघीही हसलो. दुभाषीची गरज पडली नाही.

मग तिने काय केलं माहितीये? माझ्या एप्रनच्या खिशातला बाणांचा कागद मागितला. झग्याचा घेर उलटा केला, प्रकाशात धरला, आणि एक बाण काढून खाली कडेला लावला. मी वाकून बघितलं. शिवण बोटभर उसवलेली होती. मला दिसली नव्हती! सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. रागाच्या भरात तपासलं की असं होतं. मी कान पकडले आणि चिठ्ठीवर नऊचे दहा केले. तिने एकदाच मान हलवली, अगदी त्या फीतवाल्या बाईसारखी, आणि पुढे निघून गेली.

संध्याकाळी घाईसाहेबांनी बोलावलं नाही. फोन मात्र कपाटातून निघाला आणि नोटीस भिंतीवरून गेली. ऑर्डरीचं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही, पण गुरुवारी दुपारच्या आधी घाईसाहेब स्वतः माझ्या टेबलापाशी आले. हसत. हातात लिफाफा.

"घ्या मावशी. दोन वर्षं. खूश?"

माझा जीव भांड्यात पडला. काजवालीने तर मला पाठीत धपाटाच घातला. दीड खोल्या, खिडकी, किल्ली, सगळं एका कागदावर माझ्या हातात होतं. मी कागद उघडला आणि ट्यूबलाइटखाली धरला. सवय, दुसरं काय.

"चेकर क्रमांक सात यांची सेवा, कोरियन पाहुण्यांचे स्वागत व त्यांच्या संस्कृतीविषयी कर्मचाऱ्यांना मार्गदर्शन करण्यासाठी, दोन वर्षे वाढवण्यात येत आहे."

पुन्हा वाचलं. उलटा करून पाठही बघितली.

"चांगलं आहे की," काजवाली कानाशी लागली. "ठेव पर्समध्ये आणि गप्प बस."

गप्प बसायला हवं होतं, मलाही कळत होतं. पण मला पुढची दोन वर्षं लख्ख दिसली. पार्टी आली की मावशी, नटा. साहेबांना काही अडलं की मावशी, सांगा. जेवायच्या सुट्टीत बायकांना गोळा करून मी फळ्यावर कोरिया शिकवतेय आणि घाईसाहेब मागे उभे राहून घड्याळ बघतायत. ज्यापायी महिनाभर माझा फोन कुलपात ठेवला तेच आता त्यांना कामाला जुंपायचं होतं. आणि सत्तावीस वर्षं डोळ्यांत तेल घालून बघितलेल्या शर्टांचा त्या कागदावर कुठे उल्लेखही नव्हता.

मी एप्रनच्या खिशातून बाण काढला आणि त्या ओळीवर लावला. टोक "कोरियन" शब्दाकडे. चिठ्ठी लिहिली, शिक्का मारला, आणि कागद लाल दांड्यावर चिमट्याने टांगला. काजवालीने डोळेच मिटून घेतले.

"हे काय!" घाईसाहेब ओरडले. "मुदतवाढ नकोय तुम्हाला?"

"हवी आहे," मी म्हटलं. "खूप हवी आहे. पण माल चुकीचा आहे."

"अहो मग लिहू तरी काय? कशासाठी वाढवली म्हणून लिहू?"

"सत्तावीस वर्षं सात नंबरवरून चुकीचा शर्ट बाहेर गेला नाही म्हणून. तेवढंच लिहा. कोरियाचं नाव काढा. तो माझा आहे, जेवणानंतरच्या पंधरा मिनिटांतला. त्याचा तुमच्या कंपनीशी काडीचा संबंध नाही."

मी रजिस्टर पुढे केलं. त्यांना वाटलं असतं तर कागद फाडून टाकता आला असता, तीस तारीख काही लांब नव्हती. तरी मी रजिस्टर खाली ठेवलं नाही.

तेवढ्यात सुट्टीची घंटा झाली. मशिनी थांबल्या, बायका डबे घेऊन उठल्या आणि आमच्याभोवती येऊन उभ्या राहिल्या. घाईसाहेबांनी पेन काढलं. उभ्या उभ्या ती ओळ खोडली, वर मी म्हटलं तसं लिहिलं, शेजारी सही केली. मग रजिस्टरमध्ये लिहिलं, "दोष मान्य, दुरुस्त केला," आणि तिथेही सही केली. आयुष्यात पहिल्यांदा ते काहीतरी सावकाश करत होते.

मी कागद पुन्हा ट्यूबलाइटखाली धरला. अक्षर भयानक होतं, पण दोष नव्हता. पासचा शिक्का मारला, घडी घालून पर्समध्ये किल्लीजवळ ठेवला.

डबा आज उशिरा उघडला, म्हणून मी जेवता जेवताच फोन काजवालीच्या पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला. चौथ्या मजल्यावरची छत्री दुरुस्त करायला निघाली होती. घाईसाहेब अजून तिथेच घुटमळत होते.

"ही बाई चाललीय कुठे?" त्यांनी विचारलं.

"बघायचं असेल तर बसा," मी म्हटलं. "मध्ये बोलायचं नाही."